दिवस राहत नाहीत? तपासण्या कोणत्या, कधी आणि कुठल्या क्रमाने

वंध्यत्वाच्या तपासण्यांत पैसा आणि महिने वाया जातात ते बहुतेक दोन कारणांनी. एक तर तपासणी पाळीच्या चुकीच्या दिवशी केलेली असते. नाहीतर बायकोची फाईल जाडजूड झालेली असते आणि नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पाळी नियमित असणाऱ्या बाईच्या मूलभूत तपासण्या एक-दोन पाळ्यांत उरकतात. औषध कोणतं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. कोणती तपासणी कशासाठी, कोणत्या दिवशी आणि त्याआधी काय पाळायचं, तेवढंच इथे लिहिलं आहे.

जायची वेळ झाली आहे का?

वय ३५ च्या आत असेल, पाळी नियमित असेल, तर कोणतंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवून पाहायचं. दहातल्या आठाहून जास्त जोडप्यांना या वर्षभरात दिवस राहतात. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने पुरे. चाळिशी गाठली असेल तर थांबायचंच नाही.

नियमित म्हणजे किती, हेही इथेच सांगून टाकते. आठवड्यातून दोन-तीनदा. नवरा पुण्यात, बायको लातूरला आणि भेट महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी, असं चालू असेल तर ते वर्ष मोजण्यात अर्थ नाही. गर्भ राहण्याजोगे दिवस महिन्यात साधारण सहाच असतात: अंडं फुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच.

काही जणींनी मात्र वर्ष मोजत बसू नये. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते किंवा येतच नाही, पाळीत अंथरूण धरायला लावणारं दुखतं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, पूर्वी टीबी झाला होता, गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला होता, अपेंडिक्स फुटून किंवा अंडाशयावर ऑपरेशन झालंय, कॅन्सरचे उपचार झालेत, आईची पाळी चाळिशीआधीच गेली होती. यातलं काहीही असेल तर लगेच जा.

संबंध नीट होतच नसतील तर पहिल्या भेटीतच तसं सांगा. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, सगळ्या तपासण्या झालेल्या, आणि मूळ अडचण ही की दुखण्याच्या भीतीने संबंध पूर्ण होतच नाहीत, अशी जोडपी स्त्रीरोगतज्ज्ञांना नवी नाहीत. त्यावर चांगले उपचार आहेत. रक्त कितीही वेळा तपासलं तरी ही गोष्ट कळणार नाही.

पहिली भेट: फाईल, खरं उत्तर आणि एकटीने बोलण्याची पाच मिनिटं

जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा घेऊन जा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करायची सवय असेल तर त्याचाच फोटो काढा. भरल्या घरात ते नको वाटत असेल तर मोबाईलमध्ये नोंद ठेवा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, नवीन मागे, जुने पुढे. चालू असलेली प्रत्येक गोळी लिहून न्या, केसांसाठीची, ॲसिडिटीची आणि वैद्यांनी दिलेलं चूर्णसुद्धा. का, ते पुढे येईलच.

डॉक्टर वजन, रक्तदाब, हनुवटीवरचे केस, गळ्याची गाठ, स्तनांतून पाणी येतंय का, हे पाहतील. मग आतून तपासतील. त्या वेळी खोलीत नर्स किंवा मावशी हव्यात असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि एक गोष्ट. पूर्वी गर्भपात झाला असेल, लग्नाआधीचा असला तरी, तो डॉक्टरांना कळायलाच हवा, कारण त्यानंतर झालेला जंतुसंसर्ग गर्भनळ्या खराब करू शकतो. सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेले असताना हे तोंडातून निघत नाही. ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ एवढं म्हटलं की समजणारे डॉक्टर बाकीच्यांना बाहेर बसवतात. जे बसवत नाहीत त्यांच्याकडे पुढची भेट घेऊ नका.

नवऱ्याची तपासणी आधी

लेख बायकांच्या तपासण्यांवर आहे, तरी हे इथेच यायला हवं. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण, एकट्याने किंवा जोडीने, जवळपास निम्म्या जोडप्यांत सापडतं. त्याची तपासणी स्वस्त आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. ‘त्याला काय धाड भरलीय, चांगला धडधाकट आहे’ हे घरात ऐकू येईल. धडधाकट दिसण्याचा आणि शुक्राणूंचा तसा संबंध नाही. पैलवानाचाही रिपोर्ट शून्य येऊ शकतो.

वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना लॅबने दिलेल्या डबीतच द्यायचा, कंडोममध्ये नाही, तेल-साबण न लावता. घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवायचा. डबी खिशात ठेवा, फ्रिजमध्ये नाही. पहिला थोडा भाग सांडला असेल तर लॅबला तसं सांगा, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांप्रमाणे संख्या दर मिलीलिटरला १ कोटी ६० लाखांच्या वर आणि हालचाल करणारे ४२ टक्क्यांच्या वर असावेत. पण यापेक्षा कमी म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. रिपोर्ट बिघडलेला आला तर तो पुन्हा करतात, सहसा तीन महिन्यांनी, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या काळात डेंग्यू किंवा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगायचं.

हा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बायकोने नळ्यांची तपासणी किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेऊ नये. यावर मी ठाम आहे. शुक्राणूच नसतील आणि आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी) करावं लागणार असेल, तर त्या दुखण्याचा काही उपयोग झालेला नसतो.

पाळीचा पहिला दिवस कसा धरायचा

इथून पुढचं सगळं वेळापत्रक या एका तारखेवर चालतं. लाल रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता तपकिरी डाग पडला असेल तर तो धरायचा नाही. रात्री उशिरा सुरू झाली तर काही डॉक्टर दुसऱ्या दिवसाला पहिला म्हणतात, म्हणून आपल्या डॉक्टरांची पद्धत विचारून ठेवा. पाळी आली की त्याच दिवशी क्लिनिकला फोन करायचा आणि अपॉइंटमेंट मागायची. रविवार किंवा सण मध्ये आला तरी दुसऱ्या दिवसाची तपासणी पाचव्या दिवसापर्यंत चालून जाते.

पाळी लांबलेली असेल तर कुठल्याही तपासणीआधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. एवढं साधं, पण हमखास राहतं.

गौरी-गणपती, घरातलं लग्न किंवा सत्यनारायण यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या महिन्याच्या हिशेबावर भरवसा ठेवू नका. गोळ्या थांबवल्यावर जो रक्तस्राव होतो तो औषधाने आणलेला असतो. डॉक्टरांना सांगा, ते बहुधा पुढच्या पाळीपासून सुरुवात करतील. तपासणीचे महिने ठरवतानाच कॅलेंडरवर सणवार बघून घेतले तर हा गुंता होत नाही.

दुसरा-तिसरा दिवस: रक्त आणि आतून सोनोग्राफी

या दिवशी एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिओल या तीन संप्रेरकांसाठी रक्त घेतात. एफएसएच हा मेंदूखालच्या ग्रंथीने अंडाशयाला दिलेला आवाज समजा: अंडाशय लगेच ऐकत असेल तर आवाज हळू असतो, ऐकत नसेल तर चढतो. १० च्या वर गेला की अंड्यांचा साठा कमी होत चालल्याची शंका येते, पण एकट्या एफएसएचवर विसंबायचं नाही. त्याच नमुन्यात इस्ट्राडिओल वाढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि आकडा फसवा चांगला दिसतो. म्हणूनच दोन्ही एकत्र करतात. कुणी नुसतं एफएसएच लिहून दिलं तर इस्ट्राडिओलचं विचारा.

बाकीच्या तपासण्या कुठल्याही दिवशी चालतात. तरी एकदाच सुई टोचून व्हावं म्हणून याच वेळी उरकून घेतात. थायरॉईडची टीएसएच हवीच. प्रोलॅक्टिनसाठी (स्तनांत दूध आणणारं संप्रेरक) सकाळी, उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून रक्त द्यायचं; बस पकडायला धावत येऊन लगेच हात पुढे केला तर आकडा वाढलेला येऊ शकतो. ॲसिडिटीच्या ज्या गोळीत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं ती प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवते. आपल्याकडे या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात आणि मग थोड्या वाढलेल्या प्रोलॅक्टिनसाठी मेंदूचा एमआरआय लिहून दिला जातो. आधी गोळी बंद करून, डॉक्टरांना विचारून, पुन्हा तपासा. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, ते टीएसएचसकट बऱ्याच संप्रेरकांचे आकडे बिघडवतं; रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस त्या थांबवा.

सोनोग्राफी पोटावरून नाही, आतून करतात. त्याची धास्ती फार असते, म्हणून नीट सांगते. आधी लघवी करून यायचं. भरपूर पाणी पिऊन बसायचं ते पोटावरच्या सोनोग्राफीसाठी. कमरेखालचे कपडे काढून वर चादर घ्यायची. दोन बोटांएवढ्या जाडीची गुळगुळीत दांडी असते, तिच्यावर नवीन कंडोम चढवून जेली लावतात आणि ती हळूच आत सरकवतात. दाब जाणवतो, दुखायला नको. दुखलं तर थांबवा म्हणायचं. पाळी चालू असताना करायची म्हणून संकोच वाटतो. ती पाळीच्या या पहिल्या काही दिवसांतच करायची असते, डॉक्टरांना त्याची सवय असते. आधी संबंध पूर्ण झालेले नसतील तर तसं सांगा, मग पोटावरून करता येते.

या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतल्या २ ते १० मिलिमीटरच्या छोट्या बीजकोशांची मोजणी होते. रिपोर्टमध्ये ते ‘अँट्रल फॉलिकल काउंट’ म्हणून येतं. गर्भपिशवीतल्या गाठी, अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साचलेली गाठ) आणि पाण्याने फुगलेली नळीही यातच दिसू शकते. रिपोर्टमधल्या काही शब्दांना मात्र उगाच घाबरू नका. ‘पिशवी उलटी आहे’ म्हणजे ती मागे झुकलेली आहे. साधारण पाचातल्या एकीची तशी असते आणि एवढ्यावरून मूल व्हायचं अडत नाही. पिशवीच्या बाहेरच्या बाजूला असलेली छोटी फायब्रॉइडची गाठही सहसा आड येत नाही, पोकळीत घुसलेली येते. आणि अंडाशय नुसतं ‘पॉलिसिस्टिक’ दिसलं म्हणून पीसीओडी ठरत नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफी या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात. आता प्रौढ बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी रक्तातलं वाढलेलं एएमएचही (त्याबद्दल पुढे येतंच) धरतात.

एएमएच: एका आकड्याने झोप उडवू नका

या तपासणीवर जरा थांबायला हवं, कारण सध्या सगळ्यात जास्त भीती हाच आकडा घालतो. एएमएच कुठल्याही दिवशी करता येतं, रक्ताच्या तपासण्यांत ते महागड्यांपैकी आहे, आणि मोफत शिबिरांतून ते हौसेने करून दिलं जातं. ते का, हे ओळखणं अवघड नाही.

एएमएच अंडाशयात किती अंडी शिल्लक असावीत याचा अंदाज देतं. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, हे त्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. अंड्यांचा दर्जा त्यावरून कळत नाही, तो मुख्यतः वयावर जातो. आणि आपसूक दिवस राहण्याची शक्यता किती, हेही त्यावरून सांगता येत नाही. दर महिन्याला फुटणारं अंडं एकच असतं, पेटीत किती आहेत यावर त्या महिन्याचं गणित ठरत नाही. म्हणून २८ वर्षांच्या, पाळी नियमित असलेल्या मुलीचं एएमएच ०.९ आलं म्हणजे ‘आता मूल होणार नाही’ असं नव्हे. अर्थ इतकाच, की फार वर्षं पुढे ढकलू नका आणि बाकी तपासण्या वेळेत करा. वय ३८ आणि एएमएच ०.९ असेल तर मात्र खरोखर घाई करायला हवी.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा आकडा खाली येतो. परदेशात राहणाऱ्या आणि रिपोर्ट इकडच्या डॉक्टरांना पाठवणाऱ्या मुलींनी एककाकडे लक्ष द्यावं: भारतात नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर, तर ब्रिटनसारख्या देशांत पिकोमोल प्रति लिटर चालतं. आपल्याकडचा १ म्हणजे तिकडचे सुमारे ७.१.

अंडं फुटतंय का?

पाळी २५ ते ३५ दिवसांनी घड्याळासारखी येत असेल तर बहुधा अंडं फुटतच असतं. खात्रीसाठी प्रोजेस्टेरॉन करतात. याला सगळे ‘एकविसाव्या दिवसाची तपासणी’ म्हणतात आणि तिथेच चूक होते. ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. २८ दिवसांचं चक्र असेल तर एकविसावा दिवस बरोबर. ३५ दिवसांचं असेल तर अठ्ठाविसावा. लांब चक्राच्या बाईने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर रिपोर्ट ‘अंडं फुटलं नाही’ म्हणणार, आणि विनाकारण गोळ्या सुरू होणार. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर असला की अंडं फुटलं असं धरतात.

दुसरा मार्ग म्हणजे फॉलिक्युलर स्टडी: नवव्या-दहाव्या दिवसापासून दर एक-दोन दिवसांनी आतून सोनोग्राफी. बीजकोश रोज साधारण २ मिलिमीटर वाढतो आणि १८ ते २४ च्या दरम्यान फुटतो. नोकरी करणाऱ्या बाईचा यात जीव मेटाकुटीला येतो, म्हणून सोनोग्राफी सेंटर सकाळी आठ-नऊला घेतं का, हे आधी विचारा. गोळ्यांशिवाय, नियमित पाळीत, महिनोन् महिने फॉलिक्युलर स्टडी करत राहण्यात मला अर्थ दिसत नाही. एकदा फुटतंय हे कळलं की काम झालं. औषधानं अंडं वाढवत असतील तेव्हा मात्र ती लागते, कारण एकाऐवजी तीन-चार वाढली तर जुळ्या-तिळ्यांचा धोका असतो.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटने घरीही बघता येतं. रेघ गडद झाल्यावर दीडेक दिवसाच्या आत अंडं फुटतं. पीसीओडी असेल तर ही रेघ खोटीही येते.

नळ्यांची तपासणी: एचएसजी

नाव काढलं तरी पोटात गोळा येतो अशी तपासणी ही. गर्भपिशवीत रंगद्रव सोडून तो दोन्ही नळ्यांतून पोटात सांडतो का, हे एक्स-रेवर पाहतात.

दिवस: पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी, म्हणजे साधारण सहावा-सातवा ते दहावा दिवस. पाळीपासून तपासणी होईपर्यंत संबंध नको, कारण गर्भ राहिला असेल तर त्याला एक्स-रे लागू नये. डाग पडणं चालू असेल तर तारीख पुढे घ्या. ताप, घाण वासाचा स्राव किंवा ओटीपोटात दुखत असेल तर तपासणी करायची नाही. आत जंतू असतील तर ते वर ढकलले जातात. आयोडीनची ॲलर्जी, दमा किंवा थायरॉईडचा त्रास असेल तर आधी सांगा.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी तासभर आधी, काहीतरी खाऊन घ्या. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. अँटिबायोटिक दिलं असेल तर तेही वेळेवर. सोबत पॅड, जुना परकर किंवा सैल कपडे आणि घरी न्यायला एक माणूस.

टेबलावर पाय दुमडून झोपायचं. पॅप स्मियरला घालतात तसं उपकरण घालून पिशवीचं तोंड दिसेल असं करतात, ते औषधाने पुसतात आणि बारीक नळी आत जाते. इथवर चिमटा बसल्यासारखं होतं. रंगद्रव सोडला की पाळीसारखी, कधी त्याहून जोरात, कळ येते आणि एक-दोन मिनिटांत ओसरते. या वेळी श्वास रोखून अंग आवळलं तर जास्त दुखतं. तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहायचं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. नंतर चिकट द्रव आणि थोडं रक्त येतं, एक-दोन दिवस डाग पडतात. ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त आलं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

रिपोर्टमध्ये ‘दोन्ही बाजूंनी फ्री स्पिल’ असेल तर नळ्या मोकळ्या. ‘कॉर्न्युअल ब्लॉक’ म्हणजे पिशवीला नळी जुळते तिथेच अडथळा दिसला. पण कळ आल्याने तिथला स्नायू आवळला तरी असंच दिसतं, त्यामुळे या एका ओळीवर नळ्या बंद असं मानून आयव्हीएफला धावू नका, खात्री करून घ्या. ‘हायड्रोसाल्पिंक्स’ गंभीर आहे. नळीचं टोक बंद होऊन आत पाणी साचलेलं असतं आणि ते पाणी पिशवीत झिरपून आयव्हीएफचं यशही बरंच घटवतं. म्हणून आधी ती नळी काढतात किंवा पिशवीजवळ बंद करतात.

एचएसजी केल्यावर पुढच्या काही महिन्यांत दिवस राहिले, असं पुष्कळ बायका सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. नेदरलँड्समधल्या १,११९ बायकांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलयुक्त रंगद्रव वापरलेल्या गटात सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के बायकांना गर्भ टिकला, पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाच्या गटात २९ टक्के. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुसरा प्रकार वापरतात.

एक्स-रेऐवजी सोनोग्राफीखाली सलाईन किंवा फेस सोडूनही नळ्या बघता येतात. दुखणं थोडं कमी, किरणोत्सर्ग नाही, आणि पिशवीच्या आतल्या पॉलिपसाठी ती जास्त चांगली. करणारा हात सरावाचा हवा.

टीबीचा प्रश्न

पाश्चात्त्य देशांतल्या माहितीपत्रकांत हे प्रकरण सापडणार नाही, आपल्याकडे ते टाळता येत नाही. फुफ्फुसात कधीतरी, कळतही नाही असा, होऊन गेलेला टीबी रक्तातून नळ्यांपर्यंत पोचतो आणि वर्षांनुवर्षं गप्प राहतो. खोकला नाही, ताप नाही. फार तर पाळी कमी-कमी जात असते.

शंका असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेतात, पाळी यायच्या थोडं आधी, ओपीडीतच. इथे एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा: एक फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी, दुसरी साध्या सलाईनमध्ये, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) यांसाठी. सगळाच्या सगळा फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. बाटली लॅबमध्ये न्यायचं काम बहुतेक वेळा नवऱ्याकडे येतं, तेव्हा दोन आहेत का ते मोजून घ्या आणि सलाईनची बाटली त्याच दिवशी पोचवा.

नुसती पीसीआर (हीही जंतूचा डीएनए शोधते) पॉझिटिव्ह आली म्हणून टीबीची औषधं सुरू करायची का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. मेलेल्या जंतूंचे अंशही त्यात सापडतात. कल्चर, जीनएक्सपर्ट, तुकड्यात दिसलेल्या टीबीच्या गाठी किंवा दुर्बिणीतून दिसलेल्या खुणा, यांपैकी काही आहे का असं विचारा. सहा महिन्यांची औषधं आहेत, यकृतावर त्यांचा परिणाम होऊ शकतो, असंच बघू म्हणून घेण्यासारखी नाहीत. मॅन्टू (हातावर टोचून करायची टीबीची तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे जंतूशी कधीतरी संपर्क आला एवढंच. आणि रक्तातल्या आयजीजी-आयजीएम अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या किटवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. ती तपासणी कुणी लिहून दिली तर दुसरे डॉक्टर शोधा. टीबी खरंच निघाला तर औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात.

दुर्बीण कधी?

लॅपरोस्कोपी ही भूल देऊन करायची शस्त्रक्रिया आहे, नेहमीच्या यादीतली तपासणी नाही. एंडोमेट्रिओसिसची (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) दाट शंका, फुगलेली नळी, पूर्वीच्या ऑपरेशनमुळे चिकटलेलं पोट, यासाठी ती राखून ठेवतात. बेंबीतून दुर्बीण जाते, पिशवीतून निळा रंग सोडून तो नळीच्या टोकाशी येतो का हे डोळ्यांनी पाहतात, आणि अडथळा सुटण्यासारखा असेल तर त्याच वेळी सोडवतात. म्हणून आधीच विचारायचं: ‘काही सापडलं तर लगेच दुरुस्त करणार, की नंतर पुन्हा भूल?’ ऑपरेशनच्या चित्रीकरणाची सीडी मागून घ्या. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या वायूमुळे, हृदयामुळे नव्हे.

यासोबत उरकून घ्या, आणि हे राहू द्या

रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी) दोघांचंही. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्या आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. विदर्भातल्या, नंदुरबार-धुळ्याकडच्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या जोडप्यांनी सिकलसेल, आणि सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली घरांतल्यांनी थॅलेसेमिया जरूर तपासावा. ही वंध्यत्वाची तपासणी नाही, पण दिवस राहण्याआधी करायची तीच वेळ. फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आजपासून; किती ताकदीची गोळी ते मात्र विचारून, कारण दुकानात बहुतेक ५ मिलिग्रॅमची हातात देतात.

टॉर्च पॅनेल (काही जंतुसंसर्गांच्या रक्ततपासण्यांचा संच), शुक्राणूविरोधी अँटिबॉडी, ‘किलर सेल’, आणि एकदाही गर्भपात न झालेल्या बाईच्या रक्ताच्या गुठळ्यांच्या तपासण्यांची लांब यादी, हे सुरुवातीला नको. कुठलीही महागडी तपासणी करण्याआधी डॉक्टरांना एकच विचारायचं: हिचा रिपोर्ट वाईट आला तर उपचारात काय बदलेल? उत्तर ‘काही नाही’ असेल तर पैसे वाचवा.

कुठे करायच्या?

महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. साधं रक्त आणि सोनोग्राफी तिथे होते. एचएसजी, बायोप्सी किंवा दुर्बिणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायला लागू शकतं. रांग लागते, पण एचएसजीच्या तारखेसाठी पाळीच्या आधीच्या महिन्यात नंबर लावून ठेवला तर महिना फुकट जात नाही. खाजगीत जाणार असाल तर क्लिनिकची नोंदणी बघा. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने वीर्य पिशवीत सोडणारी, म्हणजे आययूआय करणारी केंद्रं पहिल्या स्तरात आणि आयव्हीएफ करणारी दुसऱ्या स्तरात नोंदवावी लागतात. याच कायद्याने असे उपचार बाईला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ या वयातच देता येतात.

सगळे रिपोर्ट चांगले आले तर त्याला ‘कारण सापडलं नाही’ असा शिक्का मिळतो आणि बऱ्याच जणींना तो वाईट निदानापेक्षा जास्त खुपतो. वय कमी असेल तर अशा वेळी आणखी काही काळ नैसर्गिक प्रयत्न करणं किंवा गोळ्यांसोबत आययूआय, हा रीतसर मार्ग आहे. त्याच भेटीत आयव्हीएफचं पॅकेज पुढे सरकवलं गेलं तर फाईलच्या प्रती मागा, एचएसजीच्या मूळ फिल्मसकट, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तुमचे रिपोर्ट मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि दोन डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून पहिले डॉक्टर रुसत असतील तर रुसू द्या.